आईचा नमुना

आधीच सांगते, मी भित्री बाई न्हाई. अंबडच्या स्टँडवर एकानं माझ्या पर्सला हात घातला तर मी त्याची कॉलर धरून त्याला चौकीपर्यंत ओढत नेल्तं. लॅबमध्ये रोज दुसऱ्यांचा शेंबूड, थुंकी, रक्त हाताळते आणि त्याच हातांनी, धुऊनच म्हणा, डबा खाते. पण तृप्तीची पोरगी दवाखान्यात होती तेव्हा मी जे भ्याले, तसं आयुष्यात भ्याले न्हाई. अजून लॅबमधला फोन वाजला की मी दुसऱ्याला उचलायला सांगते.

मी वंदना, जालन्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. तृप्ती माझी भावजय, धाकट्या भावाची, म्हणजे पप्पूची बायको. ती दोघं अंतरवाली सराटीला आईजवळ राहतात. दिवाळी नुकतीच झालती. तृप्तीला सातव्या महिन्यातच बीपी चढलं, झटके आले, आणि घाईघाईनं पोट उघडून बाळ काढावं लागलं. पोरगी झाली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढी. तृप्ती आयसीयूत नळ्या लावून पडलेली, तिला शुद्ध कधी असायची, कधी न्हाई.

बाळांच्या डॉक्टर आमच्या रुचि मॅडम. इथल्याच मस्तगडच्या मारवाडी घरातल्या, पण मराठी आमच्यापेक्षा फाडफाड. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वंदना, पोरगी गार पडतेय. पेटीत ठेवलीय, पण नुसत्या पेटीनं भागत न्हाई. कुणाची तरी छाती पाहिजे." म्हणजे बाळाला उघड्या अंगानं कुणाच्या तरी उघड्या छातीवर बांधायचं आणि त्या माणसानं तासन् तास तसंच बसून राहायचं. आमच्याकडे त्याला कांगारू म्हणतात. आईला जमत नसेल तर बाप, आजी, कुणीही चालतं. मी चालत नव्हते, कारण मी दिवसभर रोगाच्या नमुन्यांत हात घालून राह्यले आणि लॅबच्या माणसांना बाळांच्या खोलीत मनाई होती.

आणि रोग तरी कोणता? आरएसव्ही. त्या दिवसांत सगळ्या जालन्यात त्याचीच साथ होती. मोठ्या माणसाला काय, दोन दिवस नाक गळतं, घसा खवखवतो, झालं. पण अशा कच्च्या बाळाला तो विषाणू श्वासच घेऊ देत न्हाई. म्हणून मॅडमनी दारावरच ठरवून टाकलं होतं, की नाकाची तपासणी झाल्याशिवाय बाळांच्या खोलीत मुंगीसुद्धा जाणार न्हाई.

आता ही तपासणी समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथंच झाला. आमच्याकडे एका कंपनीनं नवी मशीन चाचपणीसाठी ठेवली होती. जेवणाच्या डब्याएवढी, म्हणून आम्ही तिला डबीच म्हणायचो. नाकात काडी फिरवायची, ती डबीत घालायची, अर्ध्या तासात उत्तर. पण ते उत्तर खरं का खोटं? ते बघायला त्याच माणसाच्या नाकातून दुसरी काडी घेऊन, बर्फात घालून संभाजीनगरच्या मोठ्या लॅबला पाठवायची. तिथलं उत्तर दुसऱ्या दिवशी तयार व्हायचं. आणि दोन्हीकडची उत्तरं महिनाअखेरीला ताडून बघायची. तोवर त्यांचं आम्हाला न्हाई सांगायचं, आमचं त्यांना न्हाई. परीक्षेत एकमेकांचा पेपर बघायचा न्हाई, तसं.

पप्पूची काडी डबीत घातली. डबी म्हणाली, आहे. त्याला आदल्या दिवसापासून कणकण होतीच. तो भिंतीला टेकून रडायला लागला. "ताई, मी लांबूनच बघतो गं तिला. मला कुणी आत न्यायची गरज न्हाई." एवढा मोठा बाप्या, पण मला त्याच्याजवळसुद्धा जाता येईना.

मंग राहिली आई.

आईला मी निरोप पाठवला आणि ती संध्याकाळच्या एसटीनं माझ्या घरी आली. शेतात सोयाबीनची मळणी चालू होती, ती तशीच गड्यांवर टाकून आली. मी त्या दिवशी दवाखान्यातच मुक्काम केला, त्यामुळे भेट झाली ती थेट सकाळी दवाखान्याच्या दारात. बघते तर काय, डोक्यावरून अंघोळ केलेली, केस ओले, लग्नाकार्याला नेसायचं जांभळं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. आमची माणसं डॉक्टरकडे अशीच जातात. अंगात ताप फणफणत असला तरी दोन तांबे ओतून घेतील, पण पारोशी जाणार न्हाईत. पायाला जखम असली तर आधी पाय घासून धुतील.

"कांगारू म्हंजे काय गं?" आईनं पहिलं हेच विचारलं.

"पिलू पोटाशी घेऊन फिरतं ते जनावर."

"मंग त्यात काय शिकवायचं? मी तुम्हा दोघायला घेऊन कापूस येचला." आणि ती हसली. मला इतकं बरं वाटलं तिला बघून, की काय सांगू.

रुचि मॅडमनी विचारलं, "आजी, सर्दी-बिर्दी काही?"

"मळणीचा धुराळा व्हता बाई, त्यानं दोन दिवस नाक गळालं. आता बिलकुल न्हाई. बघा की, कोरडं ठणठणीत हाय."

मॅडम जरा थबकल्या. पप्पू तिच्याच घरातला, तिच्याच ताटात जेवणारा. पण काडीच काय ते सांगेल ना? माझ्या नात्यातली म्हणून मला नमुना घ्यायची परवानगी नव्हती, तो साधना सिस्टरनी घेतला. एक काडी डबीत, दुसरी संभाजीनगरला. मी डबीसमोर उभी. अर्धा तास मी नखं खाल्ली. डबीनं उत्तर दिलं, न्हाई. विषाणू न्हाई.

मॅडम म्हणाल्या, "वंदना, चाचपणी पुरी झालेली न्हाई. भरवसा आहे तुझा डबीवर? का उद्या पुन्हा काडी घेऊन मंगच सोडूया?"

"मॅडम, पोरगी गार पडून राह्यली अन् तुम्ही उद्याचं काय बोलता?" मी जवळजवळ भांडलेच. "एवढे दिवस चालवतेय मी तिला. बराबर सांगते ती."

आणि आईला आत सोडलं. सिस्टरनी पोरीला तिच्या छातीवर बांधलं, वरून चादर घातली. मी काचेतून बघत होते. आईनं हनुवटी त्या एवढ्याशा डोक्यावर टेकवली आणि काहीतरी पुटपुटायला लागली. थोड्या वेळानं सिस्टरनं थर्मामीटर बघितलं आणि काचेतून मला अंगठा दाखवला. पोरगी गरम झालती. मी बाथरूममध्ये जाऊन घळाघळा रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. संभाजीनगरचा सुमित, तिथला टेक्निशियन. एरवी तो नमुने मिळाले एवढंच सांगायचा.

"वंदनाताई, निकाल सांगायचा न्हाई हे मला माहितीय. पण तुमचा कालचा एक नमुना बाद करावा लागतोय." त्यानं नंबर सांगितला. तो नंबर आईचा होता. चिकटपट्टी मीच लावलती, मला पाठ होता.

"बाद का?"

"अहो, त्यात काहीच न्हाई. आमची मशीन विषाणूच्या आधी माणूस शोधते. नाकातून काडी फिरवली म्हणजे माणसाच्या पेशी तरी लागल्या पाहिजेत ना? ह्या नमुन्यात माणूसच न्हाई. काडी कुणाच्या नाकात घातली होती का नुसती पाण्यात बुडवून पाठवली?"

आमच्या डबीला माणूस शोधता येत न्हाई. ती फक्त विषाणू शोधते, आणि आपलं यंत्र बराबर चालू आहे का तेवढं तपासते. कोरी काडी घातली तरी ती म्हणणार, न्हाई. खरंच बोलली होती बिचारी. काडीवर काही नव्हतंच. मंग आईच्या नाकात काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि आई काल सकाळपासून पोरीच्या डोक्यावर श्वास सोडत बसली होती.

फोन तसाच टाकून मी पळाले. जिन्यात एका बाईला धक्का लागला, ती शिव्या देत राहिली. काचेतून बघितलं तर आई डोळे मिटून डुलत होती आणि पोरगी तिच्या गळ्याशी झोपलेली. मला ओरडता येईना. ओरडले तर पोरगी दचकेल, आई घाबरेल. मी काचेवर नखानं टकटक केलं आणि साधना सिस्टरला खुणावून म्हणाले, काढ. तिला काढ तिथून.

"का गं? आत्ता तं झोपली," आई बाहेर येत म्हणाली. ब्लाउजची बटणंसुद्धा नीट लावली नव्हती तिनं.

"आई, काल सिस्टरनं काडी घातली, त्याच्या आधी तू नाकाला काही केलं होतंस का?"

"म्हंजे?"

"काही लावलं होतंस का? धुतलं होतंस का?"

"मंग धुणार न्हाई तं काय?" आईला त्यात विचारण्यासारखं काय ते कळेना. "तुझ्या घरी कोमट पाणी केलं, मीठ टाकलं, दोन्ही नाकपुड्यात वढून शिंकरलं. पुन्हा वढलं. मंग फडक्यानं आतून बराबर पुसून घेतलं आणि वरून तुपाचं बोट फिरवलं. डॉक्टरीणबाई नाकात बघणार म्हणल्यावर घाण नाक घेऊन कसं यायचं? तुझी आई शेंबडी आल्ती असं कुणी म्हणायला नको."

"माय, शेंबूडच पाहिजे होता आम्हाला!" मी किंचाळले. सगळा वऱ्हांडा माझ्याकडे बघायला लागला. "शेंबूडच तपासतो आम्ही!"

आईला अजून सगळं कळलं नव्हतं, पण माझं तोंड बघून तिनं पदर नाकावर ओढला.

साधना सिस्टरनं पुन्हा काडी घेतली. "काल मला ती काडी चकचकीत वाटलती," ती हळूच म्हणाली, "पण कोरडं नाक असंल म्हणून मी काही बोलले न्हाई." तिला काय बोलायचं? मीच डबीचा ठेका घेऊन भांडले होते ना? काडी डबीत गेली. माझ्या आईच्या नाकात काही नसू दे, असं मी डबीला हात जोडून म्हणाले. खरंच हात जोडले, मशीनला. आत्ता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

डबी म्हणाली, आहे.

रुचि मॅडमनी पोरीची काडी घेतली. तिच्या नाकपुडीत ती बारकी काडीसुद्धा मोठी दिसत होती. डबी म्हणाली, न्हाई. माझा जीव भांड्यात पडला, पण मॅडम म्हणाल्या, "आज न्हाई म्हणजे उद्या न्हाई असं नसतं, वंदना. आता रोज बघायचं."

पोरगी पुन्हा पेटीत गेली, आता पेटीवरच भागवायचं होतं. रोज बघायचं काम माझं होतं. रोज सकाळी सिस्टर ती काडी आणून द्यायची आणि मी डबीचं झाकण लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. डबी वाजली की मला वळवायचं न्हाई. मी लॅबमधल्या पोराला म्हणायची, तू बघ रे. तो म्हणायचा, न्हाई आहे मॅडम. मंग दिवसभर मी येता-जाता काचेपाशी. पोरीची छाती हालते का? जास्त हालते का? नाक फुगतंय का? एकदा तिला साधी शिंक आली तर मी तिथंच खाली बसले.

आई घरी जायला तयार होईना. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसून राहायची, पदर नाकावर गच्च. मी डबा नेला तर म्हणायची, "तिथं ठेव, लांब." मी जवळ गेले की ती मागं सरकायची. तिला सर्दीशिवाय काही झालं नव्हतं आणि तीही येण्याआधीच गेली होती. तृप्तीला शुद्ध आल्ती आणि ती सारखी विचारत होती, "ताई, पोरगी आईंकडेच आहे ना? मंग मला काळजी न्हाई." मी हो म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

मंग एका सकाळी तो पोरगा काही बोलला न्हाई. मी वळून बघितलं. डबी म्हणत होती, आहे.

मी वर पोचेपर्यंत मॅडम पोरीपाशी होत्या. तिचे ओठ निळसर झालते. श्वास घ्यायची, थांबायची, आणि थांबली की आपण बघत राहायचं, आता घेते का न्हाई. ह्या रोगाला गुणाचं औषध न्हाई हो. नाक साफ करायचं, ऑक्सिजन लावायचा, वाट बघायची. मॅडमनी तिच्या नाकाला नळी लावली. ऑक्सिजनचं यंत्र भस्स भस्स करत राहिलं. मी काचेला चिकटून नुसती म्हणत होते, बाई गं, घे गं, घे. पप्पू बरा झालता, तो माझ्यामागं उभा होता. त्यानं मला विचारलं, "ताई, आईमुळं झालं का?" माझं डोकं सटकलं. मी त्याला तिथंच सुनावलं, "आईला पुन्हा हे म्हणालास तर तुझं थोबाड रंगवीन. मी सोडलं तिला आत." तो गेला. पण वऱ्हांड्याच्या उघड्या खिडकीपासून आवारातलं झाड काही लांब नव्हतं आणि आईचे कान अजून तिखट आहेत.

किती दिवस गेले ते मला विचारू नका, मी मोजले न्हाईत. एका दुपारी मॅडम बाहेर आल्या आणि मास्क खाली करून म्हणाल्या, "नळीचा जोर कमी केलाय. ओढतेय स्वतःची स्वतः." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी पण घाबरले होते गं." मला वाटत होतं, डॉक्टर लोकांना सवय असते.

पोरगी वाचली. तृप्ती उठून बसली, तिला छातीवर घेऊन घरी गेली. डबीची चाचपणीही पुरी झाली. उत्तरं ताडली तेव्हा कळलं, की बाद झालेले नमुने आणखी होते आणि बहुतेक सगळे खेड्यातून नटूनथटून, नाक धुऊन आलेल्या बायामाणसांचे. कंपनीचा माणूस म्हणाला, मशीन चांगली आहे, तुमच्याकडच्या लोकांनाच सवय वेगळी आहे. मी म्हणाले, "मंग मशीनला माणूस ओळखायला शिकवा. आमची माणसं स्वच्छच येणार." तरी आता आमच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी आहे, की तपासणीआधी नाक धुऊ नये, तूप-तेल लावू नये. लोक वाचतात आणि हसतात.

बारसं अंतरवालीला केलं. मांडव घातला, पाळणा फुलांनी सजवला, आसपासच्या सगळ्या बाया जमल्या. पोरगी आता गुबगुबीत झालती, मुठी चोखत होती. आई सकाळपासून राबत होती, घुगऱ्या काय, पानसुपारी काय. पण पाळण्यापाशी येईना. चौकटीत उभी राहून बघायची आणि पुन्हा चुलीकडे जायची. तृप्ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ताई, घरी आल्यापासून आईंनी तिला एकदापण घेतलं न्हाई. तिचे कपडे धुतात, तेल गरम करून देतात, पण हात लावत न्हाईत."

"आजी, नातीला भ्यायल्या का काय!" एक बाई चेष्टेनं म्हणाली.

"मला लांबून बराबर दिसती," आई म्हणाली.

मला राग आला. तिचा न्हाई, कुणाचा ते सांगता येत न्हाई. मी पाळण्यातून पोरगी उचलली आणि सरळ आईच्या हातात कोंबली. "घे. काही होत न्हाई. घे म्हणते ना!"

आईनं घेतली. पोरीनं तिच्याकडे बघितलं आणि तिचा पदर मुठीत धरला. आईचे डोळे भरून आले. बाया पाळणा म्हणायला लागल्या, मीही टाळ्या वाजवल्या, म्हटलं सुटलो एकदाचे. मंग माझं लक्ष आईच्या तोंडाकडे गेलं. तोंड लालबुंद झालतं. मानेची शीर फुगली होती. ओठ गच्च मिटलेले आणि छातीवरचा पदर जरासुद्धा हालत नव्हता. ती श्वासच घेत नव्हती.

"आई!" मी ओरडले. "आई, अगं काय करून राह्यलीस?"

तिनं नुसती मान हालवली, आणखी थोडं, म्हणून. आणि मंग पोरगी माझ्या हातात देऊन ती दाराबाहेर पळाली. तिकडं तोंड करून, भिंतीला धरून, धापा टाकत राहिली. मी मागोमाग गेले. इतकी लॅबवाली मी, पण तिला एवढंही सांगता येईना की आता तुझ्या श्वासात काही न्हाई, कारण हेच मी मागंही सांगितलं होतं.

आई वळली. डोळे पुसले.

"किती जड झाली गं," ती म्हणाली. "एका दमात जेवढी घेता आली तेवढी घेतली बघ."

मंग तिनं तिकडं तोंड करून छाती भरून श्वास घेतला, ओठ मिटले आणि दोन्ही हात पुढं केले. मी पोरगी तिच्याकडे दिली.